घोड्यावर आपली मुले

लग्नसराईत दिघाशीच्या रस्त्याला वरातीचा घोडा आला की वस्तीतली पोरे जेवण सोडून पळतात. नवरदेव मंडपात उतरतो, डीजे थोडा वेळ थांबतो आणि घोडेवाला पाणी पिण्यासाठी कडेला सरकतो. मग पोरांची मनधरणी सुरू होते. "काका, एकदा बसवा ना." कधी फुकट, कधी वीस रुपये घेऊन तो एकेकाला वर उचलतो आणि दहा पावले फिरवून आणतो. उतरलेले पोर पाहावे. एरवी पाठीत वाकून मोबाइलमध्ये डोके घालणारा मुलगा त्या दिवशी ताठ चालतो. आईला दहा वेळा सांगतो, "मी घाबरलो नाही."

ही दहा पावले आरोग्याच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारेल. घोडेस्वारीचा मुलांच्या शरीरावर आणि मनावर खरोखर परिणाम होतो, ही एक गोष्ट. त्याच वेळी ही दहा पावले धोक्याचीही आहेत आणि त्याबद्दल आपल्याला कोणी काही सांगत नाही. आणखीही एक कारण आहे. घोड्यावर कोणी बसायचे हा प्रश्न आपल्या समाजासाठी कधीच नुसता खेळाचा नव्हता.

मार्च २०१८ मध्ये गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. त्याला घोड्याचे वेड होते, त्याने घोडा पाळला होता. घोड्यावर बसू नकोस अशा धमक्या गावातून येत होत्या, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. राजस्थानात, उत्तर प्रदेशात, मध्य प्रदेशात दलित नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढल्याच्या बातम्या दर लग्नसराईत येतात. काही ठिकाणी वरात पोलीस बंदोबस्तात काढावी लागते. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात पोर वीस रुपयांत घोड्यावर बसते, ही गोष्ट लहान वाटते. पण ती आपोआप झालेली नाही.

आता दहा पावलांच्या पुढे जाऊ. दर आठवड्याला घोड्याजवळ जाणाऱ्या, घोडेस्वारीच्या क्लबात नाव असलेल्या मुलांचा अनुभव कसा असतो?

आपल्यापासून सर्वांत जवळचा जुना क्लब मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारात आहे. अमॅच्युअर रायडर्स क्लब. स्थापना १९४२. अशा क्लबात शिकणारे मूल पहिल्याच दिवशी घोडा दौडवत नाही. आधी त्याला घोड्याजवळ जायला शिकवतात. समोरून थेट नाही आणि मागून तर कधीच नाही, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त शेपटीमागचे आणि कपाळाच्या अगदी पुढचे दिसत नाही. तिथून कोणी अचानक आले की तो दचकतो आणि लाथ झाडतो. मग खरारा करणे, खुरातली माती काढणे, खोगीर कसणे. त्यानंतर वर बसणे. तेही सुरुवातीला लगाम शिक्षकाच्या हातात आणि घोडा गोल फिरतो आहे, असे. काही आठवडे हेच चालते.

मुले कंटाळत नाहीत का? उलट इथेच ती गुंततात. आपल्याहून कितीतरी पट वजनाचे जनावर आपल्या हाताखाली शांत उभे राहते, हे आठ-दहा वर्षांच्या मुलाला घरात, शाळेत, कुठेच अनुभवायला मिळत नाही. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. म्हणून समोरच्याचे ताणलेले शरीर, घाईची हालचाल, चढलेला आवाज तो लगेच टिपतो. मूल चिडलेले असेल तर घोडा कान मागे पाडतो, बाजूला सरकतो. मूल श्वास सोडते, आवाज खाली आणते, तेव्हा तोही सैल होतो. राग आवर असे मुलाला शंभरदा सांगून जे होत नाही, ते इथे त्याला स्वतःला करून पाहावे लागते. वर्गात न बोलणारी मुले घोड्याशी बोलतात, असे शिकवणारे सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. घोडा गुण विचारत नाही आणि आडनावही विचारत नाही.

पण क्लबाच्या दाराशी उभा असलेला माणूस फी विचारतो. घोड्याचा चारा, खुराक, नाल, पशुवैद्य, राखणदार हा सगळा खर्च त्या फीमधून निघतो. गोदामात हमाली करणाऱ्या किंवा लूमवर काम करणाऱ्या घराला ती झेपणारी नाही. दिघाशीहून महालक्ष्मीला मुलाला घेऊन जायचे म्हणजे एक पूर्ण दिवसाची मजुरी बुडवणे, ते वेगळेच. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताच्या चार तरुण स्वारांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत भारताला असे सोने ४१ वर्षांनी मिळाले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. आनंदाचीच गोष्ट. पण अशा पदकामागे परदेशातली वर्षानुवर्षांची तयारी आणि कोटींच्या घरातले घोडे असतात, हे मुलांना सांगताना लपवू नये. नाहीतर आपल्या अंगात काही कमी आहे, असे त्यांना वाटते.

महालक्ष्मीची ती जागा खासगी मालकीची नाही, हेही लक्षात ठेवावे. ती सरकारची आणि महापालिकेची आहे, भाडेपट्ट्याने दिलेली. २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे द्यायचे आणि ९१ एकर रेसकोर्सकडे ठेवायचे, असे २०२४ मध्ये ठरले. सार्वजनिक जमिनीवर घोडे धावणार असतील, तर आठवड्यातले काही तास महापालिका आणि जिल्हा परिषद शाळांच्या मुलांसाठी राखून ठेवा, असे मागायला काय हरकत आहे? उद्यानात बाकडी किती हवीत यावर चर्चा होते. ही मागणी मात्र मी अजून ऐकलेली नाही.

अशी सोय गरिबांच्या वस्तीत होऊ शकते का? झालेली आहे. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आफ्रिकी आणि कॅरिबियन मुळाच्या लोकांची दाट वस्ती आहे. तिथे १९९६ पासून एबनी हॉर्स क्लब चालतो. २०११ मध्ये त्यांचा स्वतःचा तबेला झाला, तोही उंच इमारती आणि रेल्वेच्या रुळांच्या शेजारी. आजूबाजूच्या कष्टकरी घरांतली मुले तिथे येतात. शेण उचलतात, घोडे धुतात, स्वारी शिकतात. खदिजा मेल्लाह ही मुलगी तिथलीच. तिच्या आईला मशिदीत क्लबाचे पत्रक मिळाले आणि तिने मुलीला पाठवले. २०१९ च्या १ ऑगस्टला गुडवुडच्या मैदानावर हेल्मेटखाली हिजाब घालून ही अठरा वर्षांची मुलगी मॅग्नोलिया कपच्या शर्यतीत उतरली आणि पहिली आली. त्याच वर्षीच्या वसंतापर्यंत ती शर्यतीच्या घोड्यावर बसलेलीही नव्हती. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये मायिशा अकबर या कृष्णवर्णीय बाईंनी १९८८ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी असाच घोड्यांचा वर्ग सुरू केला. तो भाग त्या काळी टोळ्यांच्या गोळीबारासाठी बदनाम होता. शाळा सुटल्यावर पोरांनी रस्त्यावर न थांबता तबेल्यात यावे, एवढाच साधा हेतू.

आता शरीराकडे वळू. चालत्या घोड्याची पाठ एकाच वेळी तीन दिशांनी हलते: पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली. वर बसलेल्याचे कंबरेचे हाड त्याबरोबर हलते, जवळपास आपण स्वतः चालतो तसेच. पडू नये म्हणून पोटाचे, पाठीचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू सतत थोडे थोडे काम करत राहतात. मुलाला आपण व्यायाम करतो आहोत हे कळतही नाही. बैठक बरोबर असेल तर बाजूने पाहताना कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत येतात. दप्तराच्या ओझ्याने आणि मोबाइलने वाकलेल्या पाठीला याहून चांगले वळण नाही.

याच कारणाने सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी घोड्याचा उपयोग उपचार म्हणून केला जातो. स्वतःच्या पायांनी नीट चालू न शकणाऱ्या मुलाच्या कंबरेला चालण्याची लय घोडा देतो. तोल सांभाळणे आणि ताठ बसणे यात काही मुलांना फायदा होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. मात्र हा आजार बरा करणारा इलाज नाही. फिजिओथेरपी चालूच ठेवावी लागते आणि घोड्याचा उपचार प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करायचा असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे मणके काही वेळा सैल असतात. अशा मुलाला, आणि आकडी ताब्यात नसलेल्या मुलालाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरातीच्या घोड्यावरसुद्धा बसवू नये.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना ऐन तारुण्यात पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुष लष्करी स्वारांच्या बरोबरीने उतरून त्यांनी ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवले. घोड्यांच्या उपचाराकडे जगाचे लक्ष गेले ते त्यांच्यामुळे. आज पॅरालिंपिकमध्येही घोडेस्वारी आहे.

आपल्या विहारात दर रविवारी बुद्धवंदना होते. त्यात तथागतांना 'पुरिसदम्मसारथी' म्हटलेले आपण सगळे म्हणतो. सारथी हा शब्द घोड्यांच्या जगातला आहे, हे मुलांना सांगितले तर त्यांचे डोळे चमकतात. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाशी भगवंतांचा संवाद आहे. घोडा कसा शिकवतोस, असे ते त्याला विचारतात. कधी मवाळपणे, कधी कडकपणे, कधी दोन्ही वापरून, असे तो सांगतो. मग तो उलट विचारतो, तुम्ही माणसांना कसे शिकवता? तसेच, असे उत्तर येते. पण भगवंतांच्या शिकवण्यात कडकपणा म्हणजे चाबूक नव्हे. वाईट कर्म काय आणि त्याचे फळ काय, हे स्पष्ट सांगणे म्हणजे कडकपणा. पोराला दोन फटके दिल्याशिवाय ते सुधारत नाही असे मानणारे पालक आपल्यातही आहेत. त्यांनी एकदा चांगल्या तबेल्यात जाऊन पाहावे. मारकुट्या हाताचा घोडा कधीच भरवशाचा होत नाही.

घोड्याची आणखी एक आठवण आपल्याला आहे, ती दुखरी आहे. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना रात्रभर राहण्याचा आग्रह केला. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, कारण महार उतारूला घेऊन टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. बाबासाहेबांना चालत न्यायचे, हे आपल्या लोकांच्या मनाला पटेना. टांगेवाल्याने टांगा दिला, हाकायला मात्र माणूस दिला नाही. मग आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत पडले. बाबासाहेबांचा पाय मोडला आणि बरेच दिवस त्यांना हालचाल करता आली नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो, तो आहेच. आरोग्याच्या पानावर मी त्यातली एक बाजू अधिक मांडतो. पैसे होते, टांगा मिळाला, प्रेमही होते. सराव असलेला हात तेवढा नव्हता. जनावर हाकण्याचे कौशल्य ज्यांच्या हाती होते त्यांनी ते आपल्यासाठी वापरले नाही आणि आपल्याकडे ते येऊही दिले नाही. म्हणून मुलांना घोड्यावर नुसते बसवू नका, शिकवा, असे मी म्हणतो.

तोवर वरातीच्या घोड्याची तरी काळजी घेऊ. डीजे किंवा फटाके चालू असताना मुलाला वर बसवू नका. घोडा बुजला तर घोडेवाल्यालाही आवरत नाही आणि खाली सिमेंटचा रस्ता असतो. एका वेळी एकच मूल. फोटोसाठी दोन-तीन पोरे एकत्र बसवतात, ते अगदी चुकीचे. पाय रिकिबीत अडकून राहील अशी सैल चप्पल नको. लगामाची किंवा बांधायची दोरी मुलाच्या हाताला गुंडाळू नका, घोडा पळाला तर मूल फरफटत जाते. खायला देताना तळहात सपाट ठेवायचा, बोटे मिटून. आणि उन्हात तासन्‌तास उभ्या असलेल्या घोड्यालाही पाणी लागते. त्याला ताप देऊन आपला आनंद साजरा करणे आपल्या पहिल्या शीलात बसत नाही.

माथेरानला सहलीला जाल तेव्हाही हेच. तिथे मोटारींना बंदी आहे आणि शेकडो कुटुंबांचे पोट घोड्यांवर चालते. तिथली घोडेवाल्यांची मुले लहानपणीच सफाईने स्वारी करताना दिसतात आणि ती पाहून आपल्या मुलांनाही दौडवण्याची हौस येते. पण घोड्यावरून पडून तिथे पर्यटक दगावलेही आहेत. हेल्मेट मागा. दिले नाही तर दुसऱ्या घोडेवाल्याकडे जा.

मूल पडले आणि डोक्याला मार लागला, तर ते उठून हसले तरी एक दिवस लक्ष ठेवा. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, कानातून किंवा नाकातून पाणी वा रक्त, यातले काही दिसले की १०८ ला फोन करा. मान दुखत असेल किंवा हातापायात मुंग्या येत असतील तर मुलाला उचलून धावू नका. जागेवर स्थिर ठेवा आणि मदत येऊ द्या.

जखम झाली तर धनुर्वाताचा विचार आधी करा. त्याचे जंतू मातीत असतात, घोड्याच्या लिदीतही असतात. जखम साबण-पाण्याने धुवा. हळद, चुना, शेण काही लावू नका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मुलाचे लसीकरण कार्ड बरोबर न्या. सरकारी वेळापत्रकात पाच ते सहा वर्षांदरम्यान डीपीटीचा बूस्टर असतो, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस. सगळे मोफत. लहानपणच्या लसी आपण घेतो, पण दहाव्या आणि सोळाव्या वर्षाची लस बऱ्याच घरांत राहून जाते. आशाताईंना आजच विचारा. घोडा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण रेबीज घोड्यालाही होऊ शकतो.

घोड्याचे आपल्यावर एक उपकार आहेत, ते भातशेती करणाऱ्या घरांनी तरी विसरू नयेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे सर्पविषावरचे औषध देतात, ते घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला विष थोडे थोडे टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिकारक तयार होतात आणि ते वेगळे काढतात. मुंबईच्या परळच्या हाफकिनचे असे घोडे पिंपरीला पाळलेले असतात.

आणि शिकण्याचे काय? फी न भरता स्वारी शिकण्याची एक वाट आहे, ती म्हणजे एनसीसी. तिच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी युनिट पुण्यात आणि नागपुरात आहेत. तिथे कॅडेट घोड्यांची निगा राखणे आणि स्वारी दोन्ही शिकतात, मुलीही. आपल्या दहावी-बारावीनंतर पुण्या-नागपूरला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनी कॉलेजात नाव घालताना ही चौकशी जरूर करावी. खडकवासल्याच्या एनडीएत घोडेस्वारी प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळतो. पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम हीसुद्धा घोड्याजवळ जाण्याची चांगली वाट आहे.

घरच्या घरी एक सराव करून घ्या. मुलाला पाय खांद्याहून थोडे रुंद करून उभे करा, गुडघे किंचित वाकवून, टाचा जमिनीला, पाठ सरळ, नजर समोर. घोड्यावर बसल्यासारखे. अर्धा मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा. मग एका पायावर उभे राहून डोळे मिटायचे. हसत हसत पडतात पोरे, पण आठवड्याभरात तोल सुधारतो.

विहाराच्या कपाटात मुलांच्या मापाची दोन हेल्मेटे ठेवता येतील. वर्गणी काढून स्वारीचे मिळाले तर उत्तम. सायकलचे हेल्मेट घोड्यासाठी बनवलेले नसते, तरी उघड्या डोक्यापेक्षा बरे. पुढच्या लग्नाची तारीख ठरली की हळदीच्या यादीबरोबर तेही कोणी न्यायचे, ते ठरवून टाका.